गुल अहमदचं आडनाव

यशपाल रंगारीला हॅम्बर्गमध्ये ओळखणारी माणसं मोजकीच. नदीपलीकडे गोदीतलं पाणी उपसणारे मोठमोठे पंप आहेत, त्यांची देखभाल करणाऱ्या एका कंपनीत तो नोकरी करतो. सकाळी फेरीबोट पकडतो, दिवसभर पावसात उभा राहतो, संध्याकाळी तीच फेरी पकडून परत येतो. वय एक्कावन्न. केस बरेच गेले, राहिले ते पिकले. पंप या विषयावर तो दोन तास बोलेल, बाकी कुठल्याही विषयावर दोन मिनिटांत दमेल. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत बसतो आणि जेवणं झाली रे झाली की बायकोकडे, म्हणजे अपेक्षाकडे, 'निघायचं का' अशा नजरेने बघायला लागतो. असा माणूस युद्धगुन्ह्याच्या खटल्यात साक्षीला उभा राहील असं कुणी सांगितलं असतं, तर मंडळातले लोक हसले असते. पण उभा राहिला खरा, आणि तोही स्वतःच्याच हातच्या एका चुकीपायी.

युद्ध संपतं म्हणजे कुणीतरी जिंकतं, कुणीतरी हरतं, झेंडा बदलतो, असं आपल्याला शाळेत शिकवलेलं असतं. यशपालला विचाराल तर तो म्हणेल, युद्ध संपतं तेव्हा याद्या होतात. आधी कुणाला बाहेर काढायचं त्यांची यादी, आणि बऱ्याच वर्षांनी कुणाला आत टाकायचं त्यांची. पहिल्या प्रकारच्या एका यादीत सात नावं होती आणि ती यशपालने लिहिली होती.

त्याचं असं झालं. २०११ पासून आठ वर्षं यशपाल अफगाणिस्तानच्या उत्तरेला, एका जर्मन कंपनीच्या पाणीयोजनेवर होता. मूळचा भंडारा जिल्ह्यातल्या पवनीचा. नागपूरला मेकॅनिकल केलं, पुण्यात चार वर्षं काढली. पगार बरा म्हणून तिकडे गेला, आणि नळाला पहिल्यांदा पाणी आल्यावर गावातल्या बायकांचे चेहरे कसे होतात ते बघायची चटक लागली म्हणून राहिला.

तिथल्या पंपिंग स्टेशनवर गुल अहमद नावाचा ऑपरेटर होता. उंच, किडकिडीत, डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली. शाळेचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवून मूठ कानाला लावायचा आणि सांगायचा, "इंजिनियर साहेब, आठ दिवस आहेत ह्याचे." आठव्या नाहीतर नवव्या दिवशी बेअरिंग जायचंच. २०१३ च्या हिवाळ्यात बर्फाने रस्ता बंद झाला, तेव्हा हा माणूस चहा आणि वाळक्या तुतींवर नऊ दिवस स्टेशनवर एकटा राहिला आणि गावाचं पाणी एक दिवसही बंद पडू दिलं नाही. ते नऊ दिवस यशपालने हजेरीपटावर स्वतःच्या हाताने भरले होते. दोघे मोडक्यातोडक्या उर्दूत बोलत आणि तेवढ्यात त्यांचं सगळं भागत असे.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये काबूल पडलं तेव्हा यशपाल हॅम्बर्गच्या कचेरीत बदलून येऊन दोन वर्षं झाली होती. विमानतळावरची ती गर्दी सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिली, त्यानेही तिथेच पाहिली. एके दिवशी सकाळी वरिष्ठांनी बोलावून सांगितलं, तिकडे आपल्याकडे काम केलेल्या लोकांची यादी सरकारला द्यायची आहे, दोन तासांत. सहा जणांचे पासपोर्ट फायलीत होते, त्यांवरून नावं उतरवून झाली. सातवा गुल अहमद. त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता. होतं ते तिथल्या सरकारचं ओळखपत्र, तझकिरा म्हणतात ते, आणि त्यावर एवढंच: गुल अहमद, बापाचं नाव नूर अहमद. तिकडे कितीतरी माणसांना आडनाव नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडत नाही. जर्मन तक्त्यात मात्र आडनावाचा, 'नाखनामे'चा, रकाना होता आणि तो रिकामा दिसत होता.

दुसरा कुणी असता तर शेजारच्या टेबलावर विचारून आला असता. यशपाल गेला नाही. आडनावाचा रिकामा रकाना मराठी माणसाला बघवत नाही. नाव, बापाचं नाव, आडनाव, असं तिन्ही झाल्याशिवाय आपल्याकडे माणूस पटावरच चढत नाही. यशपालच्या आजोबांनाही आडनाव नव्हतं. वडील शाळेत गेले तेव्हा मास्तरांनी विचारलं, बाप काय करतो? रंगाऱ्याकडे सूत वाळत घालतो, म्हटल्यावर मास्तरांनी रंगारी लिहून टाकलं. पुढे याच आडनावावरून पुण्यातल्या घरमालकांनी जात ताडली आणि 'कालच गेली हो जागा' म्हणून दारं लावली. इतकं सोसलेल्या माणसाने तरी तो रकाना सोडून द्यावा की नाही? पण नाही. गावावरून आडनाव करायची आपली रीत, आणि गुल अहमदचं गाव दरबंद. यशपालने बापाचं नाव मध्ये घातलं, शेवटी 'दरबंदी' लिहिलं आणि यादी पाठवून दिली. वर आपण एखाद्याचं भलं केलं असंही त्याला वाटलं.

गुल अहमद बायको आणि तीन मुलींना घेऊन दोन दिवसांनी विमानतळाच्या फाटकाशी पोचला. सैनिकाने यादी पाहिली, तझकिरा पाहिला. यादीत दरबंदी आहे, कागदावर दरबंदी कुठे आहे? दुसरा कागद आण, म्हणाला. गुल अहमदने गावाकडे फोन लावले, या नावाचा एखादा दाखला कुणी करून देईल का म्हणून. करून दिला, पण भलत्याच माणसाला. त्याच भागात शाहवली नावाचा एक कमांडर होता. सरकारच्या बाजूने लढतो म्हणून त्याला बंदुका मिळाल्या होत्या आणि शाळेच्या इमारतीत त्याने स्वतःची कोठडी चालवली होती. फोनाफोनीतून त्याच्या कानावर गेलं की एका यादीत एक नाव बिनमालकाचं पडलं आहे. तिसऱ्या दिवशी तो गुल अहमद दरबंदी नावाचा नवाकोरा पासपोर्ट घेऊन, बायको आणि मुलींसह विमानात बसला. खरा गुल अहमद चौथ्या दिवशी पुन्हा फाटकाशी गेला तेव्हा सैनिक म्हणाला, हे नाव तर आत गेलं.

तिथून तो पाकिस्तानात, रावळपिंडीला, एका खोलीत जाऊन राहिला. यशपालने त्याला फोनवर सांगितलं, "कॉम्प्युटरची काहीतरी चूक झाली आहे. मी बघतो." आणि तो खरोखरच बघत राहिला, चार वर्षं. 'सरकारी काम नि सहा महिने थांब' हे आपल्याकडेच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा जर्मनीत येऊन बघावं. प्रत्येक पत्राला उत्तर यायचं, वेळेवर यायचं, सहीशिक्क्यासह यायचं, आणि प्रत्येकात तेच असायचं: गुल अहमद दरबंदी हे सहकुटुंब जर्मनीत दाखल झालेले असून त्यांना पुन्हा दाखल करून घेता येत नाही. आपल्या पत्रांत यशपाल 'तांत्रिक त्रुटी' असं लिहायचा. ती त्रुटी खुर्चीवर बसून पत्र लिहिते आहे, एवढं सोडून सगळं लिहायचा.

मग २०२४ च्या शेवटी हॅम्बर्गमधल्याच एका अफगाण किराणा दुकानात एका माणसाने रांगेत आपल्या मागून आलेला आवाज ओळखला. त्या आवाजाने त्याला शाळेच्या इमारतीत आठवडाभर प्रश्न विचारले होते. तो पोलिसांकडे गेला, शाहवलीला अटक झाली आणि खटला उभा राहिला. आशियातल्या गुन्ह्याचा खटला जर्मनीत का, असं मंडळात कुणीतरी विचारलंच. कारण असले गुन्हे कुठेही झाले तरी ते इथे चालवता येतात, आणि जिथे झाले तिथे आता ते चालवणारं कुणी उरलेलं नाही.

शाहवलीने एकच धरून ठेवलं होतं. मी कमांडर नाही, मी गुल अहमद दरबंदी, पंपाचा ऑपरेटर. ज्या दिवसांतले छळाचे आरोप आहेत त्या दिवसांत मी बर्फात पंपावर होतो, कंपनीचा हजेरीपट बघा. हजेरीपट निघाला. त्यावर ते नऊ दिवस होते, आणि खाली सही होती यशपाल रंगारीची.

समन्स आलं त्या संध्याकाळी अपेक्षाने ते दोनदा वाचलं. ती इथल्या एका प्रयोगशाळेत काम करते, कागद नीट वाचायची तिला सवय.

"अहो, हे आडनाव त्या बिचाऱ्याला चिकटलं कुठून पण?" तिने विचारलं.

यशपालने चहाचा कप खाली ठेवला. "मी लिहिलं."

"म्हणजे?"

"रकाना रिकामा होता. मी भरला."

"आणि चार वर्षं तुम्ही कॉम्प्युटर, कॉम्प्युटर करताय!"

"हो."

चौदा वर्षांची इरा सोफ्यावर होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये येतं. "वारुम, पापा?" एवढंच म्हणाली. का, म्हणून. यशपालला बायकोच्या रागापेक्षा ते जास्त लागलं.

"त्याला सांगितलंत?" अपेक्षाने विचारलं.

"कसं सांगू? रोज फोनवर तो मला दुवा देतो."

"मग आता कोर्टात तरी धड सांगा. तो गुल अहमद नाही हे एकदा कोर्टाने लिहून दिलं, की या गुल अहमदचा रस्ता मोकळा होईल. एवढं तर करूच शकता ना?"

यशपाललाही तेच वाटत होतं. आपली लाज निघाली तर निघो, पण कोर्टाच्या निकालापुढे कुठल्या कचेरीचं काय चालणार? चार वर्षांत पहिल्यांदाच त्याला त्या दिवशी नीट झोप लागली.

साक्षीच्या दिवशी हॅम्बर्गच्या नेहमीच्या सवयीने पाऊस होता. कोर्टात काचेच्या पलीकडे शाहवली बसला होता. धुतलेला शर्ट, पिकलेली दाढी, एखाद्या लग्नात वाढायला उभा असलेला काका वाटावा असा. यशपालला वाटलं होतं की त्याला पाहून आपल्याला राग येईल. आला नाही. फक्त हात बघायचे होते ते त्याने बघून घेतले. दोन्ही करंगळ्या शाबूत होत्या.

"हा तुमचा ऑपरेटर आहे का?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

"नाही. माझ्या ऑपरेटरची डावी करंगळी अर्धी आहे. आणि हा माणूस मी जन्मात पाहिलेला नाही."

"मग यादीतलं हे नाव?"

"ते मी लिहिलं."

"दरबंदी हे आडनाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीच ठेवलं."

बाईंनी चष्मा काढला. "का?"

यशपालने घरून तीन वाक्यं पाठ करून आणली होती. त्यांतलं एकही आठवेना. "आमच्याकडे आडनावाशिवाय माणूस पुरा होत नाही," तो म्हणाला. दुभाष्याने त्याचं जर्मन केलं तेव्हा ते आणखीनच खुळ्यासारखं ऐकू आलं.

"त्या रकान्यात नुसती रेघ ओढली असती तरी चाललं असतं, श्रीयुत रंगारी," बाई म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, माहिती देत होत्या. यशपालला मात्र ऐकून खाली बसावंसं वाटलं, आणि मग आठवलं की आपण बसलेलोच आहोत.

शेवटी सरकारी वकिलाने विचारलं, "आल्झो, म्हणजे या यादीतल्या नोंदीवरून कोण माणूस कोण आहे ते ठरवता येणार नाही. ती नोंद भरवशाची नाही. बरोबर?"

"गेनाऊ," यशपाल म्हणाला. अगदी बरोबर. कितीतरी दिवसांनी तो एखादी गोष्ट इतक्या ठामपणे बोलला होता.

निकाल यायला आणखी काही महिने गेले. अकरा वर्षांचा तुरुंगवास. शाहवलीच्या हातून छळ सोसलेले चार जण कोर्टात होते. त्यांतला एक रडला, बाकीचे थकल्यासारखे नुसते बसून राहिले. निकालात यशपालच्या साक्षीला दोन पानं दिली होती. त्यात स्वच्छ लिहिलं होतं की आरोपी हा कंपनीचा ऑपरेटर नव्हे, आणि 'गुल अहमद दरबंदी' नावाचा कुणी कर्मचारी अस्तित्वात नव्हता. यशपालने त्या पानांच्या प्रती काढल्या, नवा अर्ज केला आणि तो पाकिटात घालून स्वतः पोस्टात देऊन आला. गुल अहमदला फोन करून म्हणाला, "आता होईल."

उत्तर, म्हणजे इथे ज्याला 'बेशाइड' म्हणतात तो निर्णयाचा कागद, सहा आठवड्यांनी आला. यशपालने तो बूटही न काढता दारातच फोडला. अर्जदाराने कंपनीत काम केल्याचा पुरावा म्हणून २०२१ ची यादी जोडली आहे. तथापि, सदर यादीतील संबंधित नोंद भरवशाची नाही असं न्यायालयाने, ती यादी करणाऱ्याच्याच साक्षीवरून, नमूद केलं आहे. त्या नावाचा कर्मचारी अस्तित्वात नव्हता. हजेरीपटही त्याच साक्षीदाराने भरलेला असल्याने तो स्वतंत्र पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही. सबब अर्ज नामंजूर. शिवाय, अशा अर्जांची योजना आता बंद झाली आहे.

अपेक्षाने कागद हातातून घेतला. "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात," ती म्हणाली, "पण इथे चोरालाही सोडलं नाही हो. मग संन्याशाला कशापायी?"

यशपालने बूट काढले. मग पुन्हा घातले, जिना उतरून खाली गेला, कचऱ्याच्या डब्यांपाशी थोडा वेळ उभा राहिला आणि वर आला. ओळखीच्या एका वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अपील करता येईल, साधारण दीड वर्ष लागेल. रावळपिंडीला किती वेळ आहे, असंही त्यांनी विचारलं. यशपालला ते ठाऊक होतं. तिकडच्या सरकारने अफगाण लोकांना परत धाडायचा धडाका लावला होता आणि गुल अहमदच्या गल्लीतली सहा घरं आधीच रिकामी झाली होती.

रविवारी दुपारी गुल अहमदचाच फोन आला. पोलीस येऊन गेले होते. मंगळवारी ट्रक येणार, सीमेपलीकडे सोडणार. थोरली मुलगी चौदाची, म्हणजे इराच्या बरोबरीची. तिकडे गेल्यावर तिची शाळा संपली, हे त्याने सांगितलं नाही आणि यशपालने विचारलं नाही.

"कागद आला का, इंजिनियर साहेब?"

"आला. नाही म्हणाले."

"अच्छा."

"गुल अहमद, ऐक. ती कॉम्प्युटरची चूक नव्हती. दरबंदी मी लिहिलं होतं. माझ्या हाताने." चार वर्षं अडकलेलं वाक्य बाहेर पडलं आणि यशपालला त्याने काडीचंही हलकं वाटलं नाही.

"मला ठाऊक होतं," गुल अहमद म्हणाला. "त्या कचेरीत माझ्या गावाचं नाव तुमच्याशिवाय कुणाला माहीत होतं?"

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही कॉम्प्युटर म्हणालात. म्हटलं, साहेबांना तसं म्हणायचं असेल."

पलीकडे कुणीतरी भांडी पोत्यात भरत असल्याचा आवाज येत होता.

"शाहवलीला किती वर्षं दिली?" गुल अहमदने विचारलं.

"अकरा."

"तिथेच? जर्मनीत?"

"हो. तुरुंग इथेच आहे."

"हिवाळ्यात आत गरम असतं?"

"असतं."

"त्याच्या मुली?"

"इथेच आहेत. शाळेत जातात."

पोत्याचा आवाज थांबला. बहुधा बायकोही ऐकत असावी.

"इंजिनियर साहेब," गुल अहमद म्हणाला, "चार वर्षं तो तिथे माझ्या नावावर राहिला. आता अकरा वर्षं स्वतःच्या पापावर राहील. माझ्याकडे पाप नाही, आणि नाव होतं ते कोर्टात खोडलं गेलं. मी कशावर राहू?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. एखादी अडचण आली की आठ वर्षं त्याने साहेबांना जसं विचारलं होतं, तसंच विचारलं होतं; आणि उत्तर येईल म्हणून तो फोन धरून थांबला होता.